दोन अशील, एक वकीलपत्र : बोस्टन, १७७०

६ मार्च १७७० च्या सकाळी, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला वकील जॉन ॲडम्स, मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीतल्या बोस्टनच्या टाउन हाउसच्या पायऱ्यांजवळच्या आपल्या कचेरीत बसला होता. जेम्स फॉरेस्ट नावाचा एक व्यापारी रडतच आत आला. आदल्या रात्री किंग स्ट्रीटवर ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या तुकडीचा कॅप्टन थॉमस प्रेस्टन तुरुंगात होता. त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. जोसाया क्विन्सी हा तरुण वकील म्हणत होता, ॲडम्स येणार असेल तर मी येतो. राजपक्षाच्या गोटातला रॉबर्ट ऑक्मुटीही तेच म्हणत होता. ॲडम्सने होकार दिला आणि विसार म्हणून एक गिनी घेतली.

हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो ॲडम्सच्याच आत्मचरित्रातून, आणि ते त्याने तीसहून अधिक वर्षांनंतर, राष्ट्राध्यक्षपद भोगून घरी बसल्यावर लिहिलं. त्यामुळे त्यात लेखकाची बाजू जरा उजळ आली असेल तर नवल नाही. पुढे याच प्रसंगाची एक ठरलेली कथा झाली: सगळं गाव एका बाजूला, एकटा तत्त्वनिष्ठ वकील दुसऱ्या बाजूला. कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. कागदपत्रं नीट पाहिली तर दिसतं की त्या खटल्यात ॲडम्सचे अशील दोन होते. एक म्हणजे प्रेस्टन आणि त्याचे आठ शिपाई. दुसरं बोस्टन शहर, ज्याने त्याला वकीलपत्र दिलंच नव्हतं. दोघांचं हित जिथे एकमेकांच्या आड आलं तिथे ॲडम्सने काय केलं, हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे.

गाव आणि पलटणी

१ ऑक्टोबर १७६८ ला ब्रिटिश पलटणी बोस्टनला उतरल्या. जकात अधिकाऱ्यांना गावात काम करणं अशक्य झालं होतं आणि त्यांना संरक्षण हवं होतं. जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव, आणि त्यात लाल डगलेवाले पहाऱ्यावर उभे. १७७० उजाडेपर्यंत १४ वी आणि २९ वी या दोनच पलटणी शिल्लक होत्या, पण खटके उडायला तेवढ्या पुरेशा होत्या. शिपायांना पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळात ते कमी मजुरीवर मिळेल ते काम धरत. त्याच कामांवर ज्यांची चूल पेटायची त्या मजुरांना हे खुपत होतं. या काळाचा इतिहास लिहिताना कर आणि प्रतिनिधित्व यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. रस्त्यावरचं भांडण मात्र बऱ्याचदा रोजगाराचं होतं.

२२ फेब्रुवारी १७७० ला एबनेझर रिचर्डसन या जकात खात्याच्या खबऱ्याने घरावर दगड मारणाऱ्या जमावावर बंदूक झाडली आणि ख्रिस्टोफर साइडर हा अकरा वर्षांच्या आसपासचा मुलगा मेला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंनी लोक लोटले. २ मार्चला दोरखंडाच्या एका कारखान्यात काम विचारायला गेलेल्या शिपायाला कामगाराने 'माझा संडास साफ कर' असं सुनावलं, आणि दोन्ही बाजू सोटे घेऊन भिडल्या. मॅथ्यू किलरॉय हा शिपाई आणि सॅम्युएल ग्रे हा दोरखंड कामगार, दोघेही त्या मारामारीत होते. ही दोन नावं लक्षात ठेवायला हवीत.

५ मार्चच्या रात्री जमिनीवर बर्फ होतं. कस्टम हाउससमोर ह्यू व्हाइट हा एकटा पहारेकरी उभा होता. केसांचे टोप बनवणाऱ्याकडे उमेदवारी करणारा एक पोरगा एका अधिकाऱ्याने पैसे बुडवल्याची बोंब मारत होता (पैसे खरं तर चुकते झाले होते), आणि व्हाइटने त्याला बंदुकीने तडाखा दिला. पोरं जमली, बर्फाचे गोळे सुटले. चर्चच्या घंटा वाजू लागल्या, तशी आग लागली असं समजून लोक घराबाहेर पडले. व्हाइटला सोडवायला प्रेस्टन एक कॉर्पोरल आणि सहा शिपाई घेऊन आला. पण सोडवून परत जाणं जमेना, म्हणून ते कस्टम हाउसला पाठ लावून अर्धवर्तुळात उभे राहिले.

इथे कायद्याची एक अडचण होती आणि ती गावातल्या पोरासोरांनाही माहीत होती: मुलकी अधिकाऱ्याने हुकूम दिल्याशिवाय सैन्याने जमावावर गोळी चालवायची नाही. म्हणून लोक शिपायांच्या तोंडावर 'झाडा की गोळ्या' असं ओरडत होते. रिचर्ड पाम्स या व्यापाऱ्याने प्रेस्टनला विचारलं की बंदुका भरलेल्या आहेत का, आणि गोळी चालवायचा विचार आहे का. भरलेल्या आहेत, पण तसा विचार मुळीच नाही, असं प्रेस्टन म्हणाला. एवढ्यात ह्यू माँटगोमेरी या शिपायाला फटका बसला, तो पडला, आणि त्याची बंदूक उडाली. थोडा वेळ गेला आणि बाकीच्यांनीही गोळ्या झाडल्या. अकरा जणांना गोळ्या लागल्या. क्रिस्पस ॲटक्स, सॅम्युएल ग्रे आणि जेम्स कॉल्डवेल जागीच गेले, सतरा वर्षांचा सॅम्युएल मॅव्हरिक दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, आणि पॅट्रिक कार हा आयरिश माणूस नऊ दिवस तगून मग गेला.

हंगामी गव्हर्नर थॉमस हचिन्सनने त्याच रात्री टाउन हाउसच्या सज्जातून लोकांना शब्द दिला की कायदा आपलं काम करील. पहाटेपर्यंत प्रेस्टन कोठडीत होता. दुसऱ्या दिवशी सॅम्युएल ॲडम्स (जॉनचा दूरचा भाऊ आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आंदोलनाचा पुढारी) याच्या पुढाकाराने गावाने मागणी केली की दोन्ही पलटणी बेटावरच्या कॅसल विल्यममध्ये हलवा, आणि ती मान्य झाली. गावाची पहिली मागणी अशी चोवीस तासांत पदरात पडली. उरला होता खटला.

ॲडम्सच का?

जॉन ॲडम्स तेव्हा चौतीस वर्षांचा होता. ब्रेनट्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा, वडील हिवाळ्यात जोडे शिवत. हार्वर्डमधून १७५५ मध्ये पदवी, मग वूस्टरमध्ये शाळामास्तरकी करता करता जेम्स पटनमच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास, आणि १७५८ मध्ये सनद. १७६१ मध्ये जेम्स ओटिसने सरसकट झडतीच्या हुकूमनाम्यांविरुद्ध केलेलं भाषण त्याने कोर्टात बसून टिपून घेतलं होतं. १७६५ च्या स्टँप कायद्याविरुद्ध ब्रेनट्रीच्या गावसभेचा निषेध त्यानेच लिहून दिला. दुसऱ्या बाजूने, जोनाथन स्यूअल या मित्रामार्फत त्याला १७६८ मध्ये आरमारी न्यायालयात सरकारी वकिलाची जागा देऊ केली गेली. ती त्याने नाकारली.

या खटल्याच्या दृष्टीने त्याची दोन आधीची कामं जास्त महत्त्वाची. जॉन हॅनकॉकच्या 'लिबर्टी' या गलबतावरून झालेल्या तस्करीच्या खटल्यात ॲडम्स बचावाला होता. तो खटला आरमारी न्यायालयात चालला, म्हणजे ज्यूरीशिवाय. आपल्याच गावच्या बारा माणसांपुढे न्याय मागायचा हक्क काढून घेतला जातोय, ही त्याची सर्वांत मोठी तक्रार होती. (त्या न्यायालयाचा न्यायाधीश हाच तो रॉबर्ट ऑक्मुटी. बोस्टनचं वकिली जग एवढंसं होतं.) दुसरं काम १७६९ चं. मायकेल कॉर्बेट आणि त्याचे सोबती हे खलाशी. आरमारात जबरदस्तीने भरती करायला त्यांच्या जहाजावर चढलेल्या लेफ्टनंट पँटनला कॉर्बेटने हार्पून मारून ठार केलं. ॲडम्सने बचाव घेतला तो स्वसंरक्षणाचा: बेकायदा हल्ला होत असेल तर माणसाला मारणंही कायद्याने क्षम्य ठरतं. खलाशी सुटले. नऊ-दहा महिन्यांनी शिपायांच्या बाजूने त्याला तोच कायदा मांडायचा होता. फक्त यावेळी बंदूक राजाच्या माणसाच्या हातात होती.

आंदोलनाची संमती

जोसाया क्विन्सीच्या वडिलांच्या कानावर मुलाने वकीलपत्र घेतल्याची बातमी गेली तेव्हा त्यांनी हादरून पत्र लिहिलं. मुलाचं २६ मार्चचं उत्तर या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे, असं मला वाटतं. तो लिहितो की आधी मी नकारच दिला होता. प्रेस्टनच्या मित्रांदेखत त्याला स्पष्ट सांगितलं की माझं मन आणि हात देशाच्या बाजूला बांधलेले आहेत. आणि ॲडम्स, हॅनकॉक, मॉलिनो, कुशिंग, हेन्शॉ, पेंबर्टन, वॉरन, कूपर, फिलिप्स यांनी सल्ला देऊन गळ घातल्यावरच काम घेतलं. यातला ॲडम्स म्हणजे जॉन की सॅम्युएल यावर वाद घालता येईल. बाकीची यादी मात्र बोस्टनच्या आंदोलनाची पहिली फळी आहे.

म्हणजे ज्यांनी पलटणी हुसकून लावल्या त्यांनाच शिपायांना चांगला वकील मिळायला हवा होता. कारण उघड आहे. मार्च महिन्यात दोन पुस्तिका तयार होत होत्या: बोस्टनने आपल्या बाजूच्या जबान्या छापल्या, आणि राजपक्षाने जमा केलेल्या जबान्या लंडनमध्ये छापल्या गेल्या. पॉल रिव्हियरचं ते प्रसिद्ध चित्र, ज्यात शिपाई रांगेत उभे राहून प्रेस्टनच्या हुकमाने गोळ्या झाडतात, तेही त्याच महिन्यात विकायला आलं (मूळ चित्र हेन्री पेलमचं, रिव्हियरने ते न विचारता उचललं). भांडण लंडनच्या नजरेत कोण हुल्लडबाज ठरतं याचं होतं. अशा वेळी शिपायांना वकिलाविना किंवा दुबळ्या वकिलावर फासावर चढवलं असतं, तर हचिन्सनच्या लोकांना हवा तोच पुरावा बोस्टनने हातात दिला असता.

२६/११ नंतर मुंबईत कसाबचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असा वकिलांच्या संघटनेने ठराव केला होता आणि शेवटी न्यायालयाला वकील नेमून द्यावा लागला, हे आपल्याला आठवत असेल. पुढे २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. बोस्टनच्या पुढाऱ्यांना हे सांगायला वरच्या कोर्टाची गरज पडली नाही. त्यांच्या शहाणपणात स्वार्थ होता म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही.

लोकांनी ॲडम्सला बहिष्कृत केलं, या समजुतीलाही एक आकडा आडवा येतो. जून १७७० मध्ये, शिपायांचं वकीलपत्र हातात असताना, बोस्टनने त्याला प्रांतिक विधिमंडळावर निवडून दिलं. ५३६ पैकी ४१८ मतं. शिव्या खाल्ल्या असतील, अशील तुटले असतील. पण गावाने त्याला आपलाच मानलं.

प्रेस्टन

हचिन्सन आणि न्यायाधीश यांनी सुनावणी शरद ऋतूपर्यंत ढकलली. त्याचा फायदा किती झाला हे रिचर्डसनच्या खटल्यावरून कळतं. एप्रिलमध्ये बोस्टनच्या ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं, न्यायाधीशांचा कल उलटा असूनही. शिक्षा सुनावणं न्यायाधीशांनी टाळत नेलं आणि अखेर राजाने त्याला माफी दिली. एप्रिलमध्येच प्रेस्टन उभा राहिला असता तर काय झालं असतं याचा अंदाज कोणीही करावा.

प्रेस्टनचा खटला २४ ऑक्टोबरला सुरू झाला आणि ३० ला संपला. प्राणदंडाचा खटला एका दिवसापेक्षा जास्त चालणं या प्रांतात नवलाचं होतं. सरकारतर्फे सॅम्युएल क्विन्सी आणि गावाने पैसे देऊन आणलेला रॉबर्ट ट्रीट पेन. सॅम्युएल क्विन्सी हा बचावाच्या जोसायाचा थोरला भाऊ. थोरला राजनिष्ठ, धाकटा बंडखोर, आणि दोघेही आपापल्या मताच्या उलट्या बाजूला उभे. आरोपपत्रं तयार करणारा महाधिवक्ता जोनाथन स्यूअल, ॲडम्सचा तोच मित्र, मात्र कामातून अंग काढून गेला होता.

प्रश्न एकच होता: गोळीबाराचा हुकूम प्रेस्टनने दिला का? त्या काळच्या कायद्यात आरोपीला स्वतःच्या खटल्यात साक्ष देता येत नव्हती, त्यामुळे प्रेस्टन गप्पच. साक्षीदारांत एकवाक्यता नव्हती. काहींनी हुकूम कानांनी ऐकला होता. पाम्ससारखा, खांद्यावर हात ठेवण्याइतका जवळ असलेला माणूस मात्र छातीठोकपणे सांगू शकला नाही. न्यूटन प्रिन्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थाची साक्षही बचावाच्या उपयोगी पडली. शंका निर्माण झाली आणि प्रेस्टन सुटला.

पण खरं सांगायचं तर हा खटला पुराव्याआधीच, ज्यूरी निवडताना, जिंकला गेला होता. बचावाने बोस्टनचे बहुतेक लोक हरकती घेऊन बाहेर काढले आणि जे आत आले त्यांत प्रेस्टनला कधीच दोषी ठरवणार नाही असं आधी बोलून गेलेला एक जण होता. त्या बारांपैकी पाच जण पुढे राजनिष्ठ म्हणून देश सोडून गेले. ज्यूरीत कोण बसतं त्यावर खटला कसा फिरतो हे १९०८ च्या टिळकांच्या खटल्यातून आपण शिकलो आहोत: सात युरोपीय, दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. बोस्टनमध्ये तोच खेळ आरोपीच्या बाजूने खेळला गेला. ज्यूरीच्या हक्कासाठी 'लिबर्टी' प्रकरणात झगडणाऱ्या ॲडम्सने इथे त्या संस्थेचा कच्चा दुवा पुरेपूर वापरला, आणि त्याबद्दल त्याने कुठे खंत केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आठ शिपाई आणि आडवं आलेलं हित

प्रेस्टनचा खटला सुरू झाला त्याच दिवशी ह्यू व्हाइट, जेम्स हार्टिगन आणि मॅथ्यू किलरॉय यांनी न्यायालयाला अर्ज दिला. किलरॉयने सहीऐवजी खूण केली होती. मागणी साधी: आम्हाला कॅप्टनबरोबरच उभं करा. आम्ही त्याचा हुकूम पाळला, न पाळता तर आम्हालाच गोळी घातली असती. अर्ज नामंजूर झाला.

अडाणी शिपायांना जे कळलं होतं ते वकिलांनाही कळलं असणारच. प्रेस्टनने हुकूम दिला नाही हे सिद्ध होताच शिपायांनी आपल्या मर्जीने माणसं मारली असं ठरत होतं. हुकूम दिला असं शिपायांनी सिद्ध केलं असतं तर प्रेस्टन फासावर गेला असता. आणि ॲडम्स व जोसाया क्विन्सी दोघांचेही वकील होते. आज कुठल्याही बार कौन्सिलपुढे हे टिकणार नाही. त्या काळाचे संकेत सैल होते हे मान्य. पण कॅप्टनला आधी सोडवण्यात शिपायांचा एक बचाव खर्ची पडला, हे त्यामुळे बदलत नाही. यापुढे त्यांच्याकडे स्वसंरक्षण हा एकच आधार उरला.

तो आधार मजबूत करायचा तर जमाव किती भयंकर होता हे दाखवायला हवं. शिपायांचा खटला २७ नोव्हेंबरला सुरू झाला. आता बचावात ऑक्मुटीच्या जागी सॅम्प्सन सॉल्टर ब्लोअर्स होता, आणि ज्यूरीत बोस्टनचा एकही माणूस नव्हता. जोसाया क्विन्सी साक्षींवर साक्षी काढू लागला: पलटणींना हाकलायचा गावाचा बेत आधीपासून होता, लोक सोटे घेऊन फिरत होते, धमक्या देत होते. इथे ॲडम्सने त्याला थांबवलं. असले पुरावे पुढे रेटलेस तर मी खटला सोडीन, इतक्या थराला तो गेला.

याचं समर्थन करता येतं. गावाने कट केला असं चित्र उभं राहिलं असतं तर आसपासच्या गावांतल्या ज्यूररांना ते आपल्यावर आल्यासारखं वाटलं असतं आणि निकाल उलटला असता. तरीही माझं मत असं की इथे दुसऱ्या अशिलाने पहिल्यावर मात केली. क्विन्सीचे पुरावे शिपायांच्या कामाचे होते आणि बोस्टनला घातक होते. कुठला पुरावा द्यायचा नाही हे ॲडम्सने ठरवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लंडन होतं. पुढे सुदैवाने कमी पडलं नाही, हा भाग निराळा.

कमी पडलं नाही याचं बरंचसं श्रेय मेलेल्या पॅट्रिक कारला जातं. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर जॉन जेफ्रीज याने साक्ष दिली: मरताना कार म्हणत होता की शिपायांना लोक फार छळत होते, मला तर वाटलं होतं ते याच्या कितीतरी आधी गोळ्या झाडतील, त्यांनी जीव वाचवायला गोळी चालवली, आणि मला मारणाऱ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. ऐकीव साक्ष एरवी चालत नाही, पण मरणाऱ्या माणसाचे शब्द चालतात. सॅम्युएल ॲडम्सने वृत्तपत्रातून यावर तोफ डागली ती अशी की कार काय, आयरिश कॅथलिकच होता.

दोष कोणावर टाकायचा?

३ आणि ४ डिसेंबरला ॲडम्सने समारोपाचं भाषण केलं. सुरुवात इटालियन कायदेपंडित बेकारियाच्या वाक्याने: एक जीव जरी मी वाचवू शकलो तर त्याचे आशीर्वाद आणि आनंदाश्रू मला साऱ्या जगाच्या तिरस्काराची भरपाई म्हणून पुरतील. मग कायदा, पायरी-पायरीने. हल्ला जीव धोक्यात आणणारा असेल तर मारण्याचा हक्क आहे. तेवढा गंभीर नसेल पण हल्ला झाला असेल, तर ती चिथावणी ठरते आणि खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरतो. वस्तुस्थिती हट्टी असते, आपल्या इच्छा, कल किंवा भावना काहीही असोत, त्यांनी पुरावा बदलत नाही, हे त्याचं फार वापरलं गेलेलं वाक्य याच भाषणातलं.

कमी वापरलं जाणारं वाक्य दुसरं आहे. जमाव म्हणजे कोण होते? ॲडम्सच्या शब्दांत: उर्मट पोरं, निग्रो आणि मिश्रवर्णी, आयरिश उपरे आणि परदेशी खलाशी यांची भेसळ. अशांना जमाव म्हणायला का कचरायचं, असं तो विचारतो. ते नाव त्यांच्यासाठी फारच सन्मानाचं ठरत असेल तर गोष्ट वेगळी. ५ मार्चला बोस्टनमध्ये जमावाने शिपायांवर हल्ला केला म्हणून सूर्य काही थांबणार नाही आणि नद्या आटणार नाहीत. आणि क्रिस्पस ॲटक्स, आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा तो धिप्पाड खलाशी, त्याच्या वेड्या वागण्यालाच त्या रात्रीचा रक्तपात मुख्यतः कारण झाला.

वकील म्हणून ही चाल अचूक होती. शिपायांवर हल्ला झाला हे तर सिद्ध करायचं, पण हल्ला करणारे बोस्टनकर नव्हेत असंही दाखवायचं. मग दोष बाहेरच्यावर, काळ्यावर, आयरिशावर टाकला की दोन्ही अशील सुटतात. ॲटक्सविरुद्धची महत्त्वाची साक्षही एका कृष्णवर्णीय गुलामाचीच होती: ऑलिव्हर वेंडेलचा अँड्र्यू. तो खरं बोलणारा आहे अशी ग्वाही त्याच्या मालकाला कोर्टात द्यावी लागली. याच भाषणात ॲडम्सने सरकारलाही सोडलं नाही: दाट वस्तीत ठेवलेलं सैन्य एक दंगल टाळतं तिथे दोन घडवतं. म्हणजे खापर वर फुटलं मंत्र्यांवर, खाली फुटलं ॲटक्सवर, आणि मधलं प्रतिष्ठित बोस्टन कोरडं राहिलं. हे भाषण शाळा-कॉलेजांत उताऱ्यादाखल शिकवणाऱ्यांनी हा उताराही शिकवायला हवा.

५ डिसेंबरला ज्यूरी अडीच तासांत परत आली. सहा जण निर्दोष. पाच मेले आणि गोळ्या त्याहून जास्त सुटल्या, तेव्हा कोणाची गोळी कोणाला लागली हे बहुतेकांबाबत सांगता येत नव्हतं. ज्यांच्याबाबत सांगता आलं ते दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले: माँटगोमेरी आणि किलरॉय. किलरॉयने संधी मिळाली तर गावकऱ्यांवर गोळी झाडायला चुकणार नाही असं आधी बोलून ठेवलं होतं, आणि तो सॅम्युएल ग्रेवर गोळी झाडताना दिसला होता. दोरखंडाच्या कारखान्यातला हिशेब इथे येऊन भिडला. दोघांनी फाशी टाळणारी, मुळात पाद्र्यांसाठीची जुनी कायदेशीर सवलत मागितली, जी पहिल्या गुन्ह्याला कोणालाही मिळे. १४ डिसेंबरला त्यांच्या अंगठ्यांवर डाग दिले गेले, म्हणजे ती पुन्हा मागता येऊ नये, आणि त्यांना सोडून दिलं. ॲडम्सच्या म्हणण्याप्रमाणे त्याला प्रेस्टनकडून दहा गिनी मिळाल्या आणि शिपायांच्या खटल्याच्या वेळी आणखी आठ.

खटल्यातून निघालेला बंडखोर

५ मार्च हा दिवस बोस्टन दरवर्षी हत्याकांडाचा स्मृतिदिन म्हणून पाळू लागलं. १७७३ च्या भाषणासाठी चक्क जॉन ॲडम्सला विचारण्यात आलं. त्याने नाही म्हटलं, पण ५ मार्च १७७३ ला डायरीत लिहिलं: हा बचाव माझ्या आयुष्यातल्या सर्वांत शूर, उदार आणि निःस्वार्थ कृत्यांपैकी एक होता, आणि देशाची मी केलेली एक उत्तम सेवा. त्या शिपायांना मृत्युदंड झाला असता तर पूर्वी क्वेकर पंथाच्या लोकांना आणि चेटकिणी ठरवलेल्यांना दिलेल्या फाशीइतका मोठा कलंक लागला असता. पुराव्याप्रमाणे निकाल अगदी बरोबर होता. म्हणून त्या रात्रीला गावाने हत्याकांड म्हणू नये असं मात्र नाही, आणि ज्या गव्हर्नरने वा मंत्र्याने ते सैन्य इथे पाठवलं त्याच्या बाजूचाही तो पुरावा नव्हे. दोन अशिलांचं गणित इथे त्याने स्वतःच मांडून ठेवलं आहे.

त्याचं बंड पुढे ज्या वाटेने गेलं तिचा उगम मला याच कोर्टात दिसतो. १७७२ मध्ये न्यायाधीशांचा पगार प्रांताऐवजी राजाने द्यायचा ठरवला. चार जणांनी तो नाकारला, मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हरने घेतला. ऑलिव्हर १७७० मध्ये याच खटल्यांच्या पीठावर होता. त्याच्यावर महाभियोग चालवा ही कल्पना ॲडम्सची. फेब्रुवारी १७७४ मध्ये विधिमंडळाने ती उचलली, आणि त्याच्या हाताखाली ज्यूरर शपथ घेईनात, तशी न्यायालयं बंद पडली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला की दंगल मोडताना खून केल्याचा आरोप असलेल्या राजाच्या माणसांचा खटला गव्हर्नरला वाटलं तर इंग्लंडला किंवा दुसऱ्या वसाहतीत हलवता येईल. कारण इथे त्यांना न्याय मिळणार नाही! ज्या गावाने प्रेस्टनला सोडलं त्याला हे ऐकवलं गेलं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, जो तयार करणाऱ्या पाच जणांत ॲडम्स होता, हे दोन्ही आरोप आहेत: राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले न्यायाधीश, आणि खुनी शिपायांना वाचवणारे खोटे खटले. १७८० च्या मॅसॅच्युसेट्स राज्यघटनेचा मसुदा ॲडम्सने लिहिला. त्यातलं २९ वं कलम म्हणतं की माणसाच्या कुवतीत बसेल तितक्या मुक्त, निःपक्षपाती आणि स्वतंत्र न्यायाधीशांपुढे खटला चालणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

खटल्यातल्या बाकीच्यांचं काय झालं ते पाहिलं तर कोण कुठल्या बाजूने उभा होता यावरून काहीच ओळखता येत नाही. प्रेस्टन इंग्लंडला परतला आणि त्याला वर्षाला २०० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळालं. जोसाया क्विन्सी बंडाच्या कामासाठी लंडनला जाऊन परतताना एप्रिल १७७५ मध्ये किनारा जवळ आला असताना जहाजावर वारला. स्यूअलने १७७४ च्या उन्हाळ्यात ॲडम्सला वसाहतींच्या प्रतिनिधींच्या कॉंग्रेसला जाऊ नकोस म्हणून विनवलं, ॲडम्सने ऐकलं नाही, आणि स्यूअल इंग्लंडला निघून गेला. ब्लोअर्स राजनिष्ठ राहिला आणि नोव्हा स्कोशियाचा मुख्य न्यायाधीश झाला. शिपायांना फासावर पाठवू पाहणारा रॉबर्ट ट्रीट पेन आणि त्यांना वाचवणारा ॲडम्स, दोघांनीही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आणि बोस्टनच्या मृतांच्या वतीने बाजू मांडणारा सॅम्युएल क्विन्सी १७७५ मध्ये इंग्लंडला गेला. १७७८ च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सने त्याला हद्दपार ठरवलं.